पिंपरीत हस्तकलेचे छोटे दुकान : आरंभापूर्वीचा हिशेब

पिंपरी-चिंचवड म्हटले की डोळ्यांसमोर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहतात. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढली, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. पुढे याच पट्ट्याचे टोक भोसरीवरून चाकणपर्यंत जाऊन पोहोचले. या नगरीची भाकरी यंत्रावर भाजली गेली, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. परंतु याच नगरीत व्यापाराचाही एक जुना प्रवाह आहे. फाळणीनंतर सिंध प्रांतातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांनी पिंपरी कॅम्प वसवला आणि शगुन चौकाच्या परिसरात बाजारपेठ उभी केली. आज लग्नाचा बस्ता बांधायला दूरदूरच्या गावांतून लोक तेथे येतात. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबेही किराणा, कापड, भांडी आणि सराफीच्या व्यवसायानिमित्त याच परिसरात स्थिरावली.

आता या दोन प्रवाहांच्या मधोमध एक तिसरे चित्र घरोघरी दिसू लागले आहे. पन्नाशीतच स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागलेले वडील, चाकणला कंत्राटी पद्धतीवर काम करणारा मुलगा आणि घरात सुरेख तोरणे, रुखवताच्या वस्तू, विणकाम, भरतकाम करणारी आई किंवा सून. अशा घरात एखाद्या संध्याकाळी विषय निघतो : ‘आपण एक छोटेसे दुकान टाकले तर?’ विचार चांगला आहे. मात्र त्यात घालायचा पैसा बहुधा भविष्यनिर्वाह निधीचा असतो, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेला असतो किंवा घरातील स्त्रीच्या अंगावरचे सोने असते. तो एकदा गेला की पुन्हा उभा राहणे कठीण. म्हणून उत्साहाला आवर न घालता, पण त्याला हिशेबाची जोड देऊन, या विषयाचा येथे विचार करू.

कौतुक आणि खरेदी

हाताने केलेल्या वस्तूचे कौतुक सर्वच करतात. नातेवाईक वाहवा करतात, शेजारीण ‘मलाही एक करून दे’ म्हणते. पण कौतुक करणारा माणूस आणि खिशातून पैसे काढणारा माणूस यांत मोठे अंतर असते. दुकानाचा निर्णय कौतुकावर घेऊ नये. ओळखीबाहेरच्या किती माणसांनी पूर्ण किंमत देऊन वस्तू घेतली, यावर घ्यावा.

ही परीक्षा दुकान न घेताही करता येते. महानगरपालिका महिला बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवते. सोसायट्यांच्या आवारात दिवाळीपूर्वी प्रदर्शने भरतात. महिला मंडळांचे मेळावे होतात. अशा तीन-चार ठिकाणी टेबल मांडावे आणि एका वहीत तीन गोष्टी रोज लिहाव्यात : कोणती वस्तू हातात घेतली गेली, कोणती विकली गेली आणि कोणती किंमत ऐकून परत ठेवली गेली. यातील तिसरी नोंद सर्वांत मोलाची. किंमत ऐकून परत ठेवलेली वस्तू एक तर चुकीच्या गिऱ्हाइकासमोर ठेवली गेली आहे, नाही तर तिचे हस्तकौशल्य त्याला दिसलेले नाही. सहा महिन्यांची अशी वही हाती असली, म्हणजे दुकानात काय ठेवावे हे कोणाला विचारावे लागत नाही.

पिंपरीतच कोणी का घ्यावे?

हा प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक तीव्र झाला आहे. ६ मार्च २०२२ रोजी महापालिका भवन ते फुगेवाडी अशी मेट्रो सुरू झाली आणि २०२४ च्या सप्टेंबरअखेर ती मंडई व स्वारगेटपर्यंत गेली. त्यामुळे रविवार पेठेतील बोहरी आळीतून मणी, लेस, जर आणि सजावटीचे सामान आणणे दुकानदाराला सोपे झाले. पण त्याच गाडीत बसून गिऱ्हाईकही तुळशीबागेत जाऊ शकते. तुळशीबागेत मिळते तेच सामान पिंपरीत दहा रुपये जास्त घेऊन विकणारे दुकान टिकणार नाही. टिकेल ते दुकान, जेथे गिऱ्हाइकाच्या घरचे कार्य ओळखून वस्तू करून मिळते, नाव घालून मिळते, रंग बदलून मिळतो आणि शब्द दिलेल्या दिवशी हातात पडते.

त्या दृष्टीने वर्षाचे पंचांग हेच आपले विक्रीपत्रक आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे वाण. लग्नसराईत रुखवत, मानाच्या ताटांची सजावट आणि आहेराचे वेष्टन. अक्षय्य तृतीयेला वर्षीतपाची पारणी. चातुर्मासात व पर्युषणात प्रभावनेच्या वस्तू, सामायिकाची आसने, मुहपत्ती आणि माळांसाठी कापडी पिशव्या. श्रावणात राख्या, भाद्रपदात गौरी-गणपतीचे मखर व तोरणे, आश्विनात आकाशकंदील व पणत्या. यांतील प्रभावनेकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. एका कुटुंबाकडून एकाच वेळी शंभर-दोनशे सारख्या नगांची मागणी येते, तारीख आधीच ठरलेली असते आणि वस्तू घरोघरी पोहोचत असल्याने जाहिरात आपोआप होते. अनेकदा प्रभावना म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटले जातात. त्याऐवजी हाताने शिवलेली कापडी पिशवी त्याच किमतीत देता आली, तर घेणाऱ्याला ती अधिक दिवस उपयोगी पडते.

आठवड्याचेही गणित आहे. औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत होतात. ज्या दिवशी गिऱ्हाईक घरी असते त्याच दिवशी आपले दुकान बंद, असे होऊ नये. तसेच वीस तारखेनंतर गल्ला हलका झाला म्हणून घाबरून भाव पाडू नयेत.

जागा : दर्शनी की आतली?

मुख्य बाजारपेठेतील दर्शनी गाळ्याचे भाडे हस्तकलेच्या दुकानाला सहसा पेलत नाही, कारण आपला माल धान्यासारखा रोज खपणारा नाही. उलट अगदी आतल्या गल्लीतले स्वस्त दुकानही महाग पडते, कारण तेथे प्रत्येक गिऱ्हाइकाला फोनवर वाट सांगावी लागते. मधला मार्ग असा, की जिथे शाळा, मंदिर किंवा स्थानक, शिंप्याचे दुकान आणि भाजीबाजार यांच्यामुळे स्त्रियांची नित्य वर्दळ आहे, अशा रस्त्यावरील लहान गाळा पाहावा. गाळा ठरवण्यापूर्वी त्यासमोर तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी आणि संध्याकाळी, तास-तासभर उभे राहून किती माणसे जातात आणि त्यांपैकी किती थांबतात, ते मोजावे.

पहिल्या वर्षी आणखी एक सोय करता येते. ओळखीच्या साडी किंवा भांड्यांच्या दुकानात एक कपाट भाड्याने घ्यावे. त्या दुकानाचे गिऱ्हाईक आपल्याला आयते मिळते आणि त्यांच्या दुकानाची शोभा वाढते. स्वतंत्र गाळा घ्यायचाच असेल, तर परवाना-करार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमानुसार तो लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. अनामत रक्कम केव्हा व कशी परत मिळेल, भाडे दरवर्षी किती वाढेल आणि मुदतीपूर्वी जागा सोडल्यास काय, या तीन गोष्टी त्यात स्पष्ट लिहून घ्याव्यात.

किमतीचा खरा हिशेब

घरगुती कलाकारांचा सर्वांत मोठा तोटा किंमत ठरवताना होतो. साहित्याचा खर्च धरला जातो आणि स्वतःचे श्रम फुकट समजले जातात. एक उदाहरण घेऊ. समजा, एका तोरणाला ११० रुपयांचे साहित्य लागले, अडीच तास लागले आणि तासाला ६० रुपये मजुरी धरली, तर श्रमाचे १५० रुपये झाले. वेष्टनाचे १५ आणि दुकानखर्चाचा वाटा ७५. म्हणजे तोरण ३५० रुपयांना पडले. त्यावर ५० रुपये नफा धरून ४०० रुपये ही रास्त किंमत होते. हेच तोरण ‘लोक इतके देणार नाहीत’ म्हणून २५० रुपयांना विकले, तर साहित्य, वेष्टन आणि दुकानखर्च वजा जाता हातात ५० रुपये उरतात. अडीच तासांचे ५० रुपये, म्हणजे तासाला २० रुपये. विक्री भरपूर झाली तरी अशा दुकानात घर चालत नाही. विक्री जितकी अधिक तितका थकवा अधिक.

आता संपूर्ण दुकानाचा हिशेब. समजा, भाडे ११,००० रुपये, वीज व फोन २,०००, वाहतूक २,००० आणि कर्जाचा हप्ता ३,०००. माल विकला जावो वा न जावो, महिन्याला १८,००० रुपये लागणारच. साहित्य, मजुरी व वेष्टन वजा जाता प्रत्येक १०० रुपयांच्या विक्रीतून ४० रुपये उरत असतील, तर हा खर्च भागवण्यासाठीच महिन्याला ४५,००० रुपयांची विक्री लागेल. त्यात चालवणाऱ्या भगिनीचे स्वतःचे वेतन नाही. तिला महिन्याला १२,००० रुपये घरी न्यायचे असतील, तर विक्री ७५,००० रुपयांवर गेली पाहिजे. महिन्याचे २६ दिवस धरले, तर रोजचे सुमारे २,९०० रुपये झाले. आणि सरासरी गिऱ्हाईक २५० रुपयांची वस्तू घेत असेल, तर रोज बारा गिऱ्हाइके. प्रत्येकाचे आकडे निराळे असतील, पण हा शेवटचा आकडा काढल्याशिवाय अनामत रक्कम देऊ नये. ‘रोज बारा अनोळखी माणसे येथे वस्तू घेतील का?’ या प्रश्नाचे उत्तर गाळ्यासमोर उभे राहून केलेल्या मोजणीत सापडते.

भांडवलाचे तीन भाग

जवळ असलेल्या रकमेचे तीन सारखे भाग करावेत. एक भाग अनामत व फर्निचरसाठी, दुसरा मालासाठी आणि तिसरा न शिवता बँकेत ठेवण्यासाठी. तीन लाख रुपये असतील, तर दुकान दोन लाखांतच उभे राहिले पाहिजे. हा तिसरा भाग म्हणजे दुकानाचा श्वास होय. पहिल्याच वर्षी पावसाळ्यातील मंद महिने, घरातील आजारपण किंवा रस्त्याचे खोदकाम यांतून तो दुकानाला तारून नेतो.

मोठ्या भांडवलाशिवाय काही होत नाही, असे मात्र मानू नये. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे केली. पुढे त्याचाच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ झाला. त्या भगिनींनी आरंभीच ठरवले होते, की तोटा आला तरी देणगी मागायची नाही. उसन्या पैशाला उसनेच समजायचे आणि प्रत्येक पाकीट सारख्याच दर्जाचे द्यायचे, ही शिस्त त्यांच्या भांडवलापेक्षा मोठी ठरली.

जाकड, उधारी आणि करणाऱ्या हातांची मजुरी

आपल्या वाडवडिलांच्या व्यापारात ‘जाकड’ हा शब्द रूढ होता. माल नेऊन दाखवायचा, विकला गेला तर पैसे द्यायचे, नाही तर माल परत करायचा. हस्तकलेच्या दुकानाला ही पद्धत सोयीची आहे, कारण दहा भगिनींच्या वस्तू भांडवल न गुंतवता मांडता येतात. पण यात जोखीम कोणाची, हे विसरू नये. दुकानात माल पडून राहिला, तर साहित्याचे पैसे त्या बाईचे अडकतात. म्हणून जाकड मालाची चिठ्ठी दोन प्रतींत करावी. वस्तू, नग, ठरलेली किंमत, दुकानाचा हिस्सा, परतीची मुदत आणि खराब झाल्यास भरपाई कोणाची, हे त्यात लिहावे. विकलेल्या वस्तूचे पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला तिच्या खात्यात जमा व्हावेत. ओळखीच्या बाईला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणे सोपे असते. पण तिच्या घरीही गॅसचे पैसे तारखेलाच द्यावे लागतात.

उधारीची बाजूही अशीच. नात्यातल्या व समाजातल्या माणसांना पैसे मागण्याचा संकोच होतो आणि नेमक्या याच संकोचात लहान दुकाने बुडतात. मागणीनुसार करून द्यायच्या वस्तूंसाठी निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि तसा फलकच लावावा, म्हणजे कोणाला तोंडी सांगावे लागत नाही. रोजमेळ रोज लिहावा. दुकानाचा गल्ला आणि घराचे पाकीट वेगळे असावे. घरखर्चासाठी घेतलेले शंभर रुपयेसुद्धा नावे टाकावेत.

मालाची निवड आणि विवेक

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य यांची गणना आहे. हस्तकलेच्या बाजारात हा केवळ ग्रंथातला विषय उरत नाही. लाखेच्या बांगड्या, शिंपल्यांच्या वस्तू, चामड्याच्या पट्ट्या, रेशमी धागा, पिसांची सजावट असे सारे घाऊक बाजारात समोर येते. काय ठेवायचे आणि काय नाही, हे पहिल्या खरेदीपूर्वीच कुटुंबाने बसून ठरवावे. माल घरात आल्यावर मन बदलणे महाग पडते. पतंग बाहेर पडल्यानंतर कोशापासून काढलेले अहिंसा रेशीमही मिळते, पण ते महाग असते. सुती धागा, ज्यूट, कागद, माती, लाकूड, बांबू आणि तांबे-पितळ एवढ्या साहित्यावरही दुकान भरलेले दिसू शकते. ‘येथे प्राणिजन्य वस्तू नाहीत’ असा फलक पाहून मुद्दाम येणारे गिऱ्हाईकही या नगरीत थोडे नाही.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. अस्सल म्हणून नक्कल खपवणे, हा त्याचा अर्थ. छापील वारली चित्र हाताने काढलेले म्हणून विकणे किंवा यंत्रावरची लेस हातची म्हणून सांगणे हा याच प्रकारात येतो. यंत्राचा माल ठेवण्यात गैर काही नाही. त्यावर तसे लिहावे आणि किंमत त्याप्रमाणे लावावी. हाताने केलेल्या वस्तूवर ती कोणी केली आणि तिला किती वेळ लागला, याची छोटी चिठ्ठी लावली, तर किमतीचे समर्थन वेगळे करावे लागत नाही.

कागदपत्रे आणि अर्थसाहाय्य

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार मोजकेच कामगार असलेल्या लहान आस्थापनेला नोंदणी प्रमाणपत्राऐवजी केवळ ऑनलाइन सूचना द्यावी लागते. २०२२ च्या दुरुस्तीमुळे लहान दुकानालाही मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक आहे आणि त्यातील अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाहीत. राज्यातल्या राज्यात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल, तर सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाही. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि ती पूर्णतः विनामूल्य आहे; त्यासाठी कोणी शुल्क मागितले, तर सावध व्हावे. बंद पाकिटातून वस्तू विकायची असेल, तर नग, किंमत, बांधणीचा महिना आणि विक्रेत्याचा पत्ता पाकिटावर छापावा.

कर्जासाठी २०१५ पासून प्रधानमंत्री मुद्रा योजना आहे. तिच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत तारणाविना कर्ज मिळू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, खेळणी करणारे, कुंभार, टोपल्या विणणारे अशा अठरा व्यवसायांचा समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पहिल्या टप्प्यात एक लाखाचे सवलतीचे कर्ज यांची तरतूद आहे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्याने काही योजनांत अधिक सवलत मिळते. मात्र अनेक अनुदाने उत्पादनासाठी असतात. केवळ खरेदी-विक्रीच्या दुकानाला ती मिळतील असे गृहीत धरू नये. जिल्हा उद्योग केंद्रात प्रत्यक्ष जाऊन चालू नियम विचारावेत आणि अनुदान हातात येण्यापूर्वी त्याच्या भरवशावर खर्च करू नये.

पहिल्या वर्षाची मर्यादा

दुकान उघडतानाच ते कोणत्या परिस्थितीत थांबवायचे, हेही लिहून ठेवावे. राखीव रकमेचा अर्धा भाग संपला आणि दिवाळीचा हंगाम जाऊनही रोजच्या विक्रीचा ठरवलेला आकडा निम्मासुद्धा गाठला गेला नाही, तर गाळा सोडून पुन्हा कपाटावर किंवा घरून मागणी घेण्यावर यावे. यात कमीपणा मानू नये. वेळीच आवरलेला व्यवहार घर वाचवतो आणि हातातली कला तर कोठेच जात नाही. उलट आकडा गाठला, तर दुसऱ्या वर्षी लगेच मोठी जागा शोधण्यापेक्षा वस्तू करणाऱ्या आणखी दोन भगिनींना काम द्यावे. दुकान मोठे होण्याची तीच अधिक सुरक्षित वाट आहे.

येत्या दीपावलीला वहीपूजनासाठी नवी चोपडी आणली जाईल. ज्या घरात हा विचार घोळतो आहे, त्या घराने एक वेगळी वही आजच घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर तीन आकडे लिहावेत : महिन्याचा अटळ खर्च, रोज लागणारी विक्री आणि गमावली तरी घर डळमळणार नाही अशी रक्कम. हे तीन आकडे घरातील सर्वांनी पाहिले, चर्चा केली आणि मान्य केले, की मग मुहूर्त काढावा.